लाटणं थांबलं पाहिजे

आक्कांनी मला वाचवलं, हे आधी लिहून टाकते. काय झालं, कुणी केलं, ते मागून येईलच. मला राग आला की मी रागाचंच सांगत बसते आणि ज्या माणसाचे उपकार, ते माणूस तसंच दारात उभं राहतं. आज तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून आधी आक्का.

नाव लिहीत नाही. त्यांच्या नावापुढं आणि मागं लोकांनी आजवर काय काय चिकटवलंय ते तुम्ही पुढं वाचालच. मग तुम्हीच म्हणाल, बरं केलं बाई.

"करपली का गं?"

हे त्यांचं बोलणं. जिना उतरताना हातात कागद, चष्मा कपाळावर, आणि नाक वर करून वास घेत यायच्या. बाकीच्या बाया स्वयंपाकघरात आल्या की "झालं का?" विचारतात. ह्या विचारायच्या "करपली का?" आणि नाही म्हटलं की चेहरा एवढासा व्हायचा.

लातूरला एका क्लासच्या इमारतीत खाली माझी मेस होती आणि वर गच्चीला लागून आक्कांची खोली. क्लासमध्ये त्या फिजिक्स शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा लिहायच्या. परग्रह, यानं, दोन सूर्य, बोलणारी झाडं, असलं सगळं. गोष्ट पुरी झाली की छापायला पाठवायच्या आधी माझ्यापुढं वाचायची, हा त्यांचा नेम. मी पोळ्या लाटायची, त्या कणकेच्या डब्यावर बसायच्या. माझ्या तोंडाकडं एकदासुद्धा बघायच्या नाहीत.

"तोंड खोटं बोलतंय, नांदेडकर. लाटणं न्हाई बोलत."

त्यांचा कान लाटण्यावर असायचा. लाटणं आपलं एका लयीत चाललंय म्हटलं की पेन्सिलनं आडवी रेघ, एवढा भाग गेला. लाटणं हळू झालं की मान डोलवायच्या. थांबलं, की त्यांचाही आवाज थोडा बारीक व्हायचा. आणि मी ऐकता ऐकता तव्यावरची उलटायची विसरले, धूर निघाला, की ती पोळी त्या स्वतः उचलून खायच्या. काळी, कडू, कोरडीच.

"टाका की वो आक्का, दुसरी देते."

"गप. माझं बक्षीस हाय हे."

मी हसायची. तेव्हा मला वाटायचं, विनोद करतात.

मी नांदेडकडची, नायगाव तालुक्यातली, म्हणून आक्का मला नांदेडकर म्हणायच्या. सातवीतून शाळा सुटली. लातूरचा मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडं नुसती भांडी वाजली. नवरा गवंडी. तिकडं लातूरकडं पडलेली गावं नव्यानं बांधायला माणसं पाहिजे होती, म्हणून तो गेला आणि मला नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये, ज्यांचं सगळं गेलं त्यांच्या शेजारी राहिले. माझी एक वीटसुद्धा पडली नव्हती, पण भीती मला लागली, शेजारच्या पोराची गोवर लागावी तशी. पुढं नवरा हैदराबादला कामावर गेला तो तिकडचाच झाला. मी लातूरला येऊन पोळ्या लाटायला लागले. पोरं पहिल्याच दिवसापासून मावशी म्हणायला लागली. मी पंचविशीत पण नव्हते.

डोक्यावर स्लॅब असला की मला झोप यायची नाही. मी ताटाच्या कडेवर पेला आडवा ठेवायची आणि मग पडायची. जमीन हलली तर पेला वाजंल, मी बाहेर पळंन. आक्कांनी एकदा ते बघितलं. सगळे हसायचे, त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्यांच्या खाटेखाली ताट, आणि ताटाच्या कडेवर पेला.

त्यांची थोरली बहीण पडलेल्या गावांपैकी एका गावात दिलेली होती. गावाचं नाव त्या घ्यायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तिला गोष्टी लई आवडायच्या. भुताच्या." झालं. ह्यापेक्षा जास्त मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

त्या पेल्यावरून त्यांनी एक गोष्ट लिहिली. एक ग्रह असतो, तिथली जमीन रोज हलते. घरोघरी कडेवर पेले ठेवलेले. पेला पडला की पोरं शाळेला निघतात, दुसऱ्यांदा पडला की जेवायला येतात. जमीन हलली नाही तर लोकांना चैन पडत नाही, एकमेकांना विचारतात, आज तिला बरं नाही का? आपल्याकडचा एक माणूस यानातून तिथं उतरतो आणि त्याला स्थिर जमिनीची सवय म्हणून उलट्या होतात. सगळं गाव हसून लोळतं. मी पण हसले. तीन पोळ्या गेल्या त्या दिवशी. आक्कांनी तिन्ही खाल्ल्या आणि रात्री जेवल्या नाहीत.

आता ही गोष्ट ऐकून तुम्हाला काय वाटतं? हसायची आहे का रडायची? पुण्याचे एक संपादक दिवाळी अंकासाठी लेखक धुंडत लातूरला आले होते, ते खाली मेसमध्येच जेवायला बसले. वरणात भात कालवत आक्कांना म्हणाले, "बाई, तुमच्याकडं एवढं मोठं दुःख आहे, आणि तुम्ही यानं कसली उडवताय? भूकंपावर लिहा. थेट लिहा."

आक्का म्हणाल्या, "दुःख माझ्यासाठी हाय. यान तुमच्यासाठी हाय. बसा की त्यात."

ते हसले. त्यांना वाटलं बाई लाजली.

गोष्ट त्यांनी छापली. वर चौकटीत लिहिलं, भूकंपाच्या ढिगाऱ्यातून उमललेला हुंदका. आक्कांनी अंक उघडला, चौकट वाचली आणि अंक माझ्या हातात दिला. "हे वर ठेव, कढीवर झाकण म्हणून."

तिथून त्यांना बक्षिसं सुरू झाली. तुम्ही म्हणाल, मग झालं ना चांगलं? ऐका. पहिलं मिळालं ते भूकंपग्रस्त भागातल्या लेखिकेला उत्तेजन म्हणून. दुसरं ग्रामीण साहित्याचं. का, तर लेखिका उदगीरकडची. गोष्टीत गाव नाही, बैल नाही, ग्रहाला तर जमीनच नव्हती त्या गोष्टीत, सगळा वाफेचा होता. तिसरं बालसाहित्याचं. यान आहे म्हणजे पोरांसाठीच असणार. एक महिलांचं. एका ठिकाणी तर सीमाभागातल्या बोलीचं मिळालं, कारण घरी त्या कन्नड बोलायच्या. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ आणि उघड्या पुस्तकाचं एक जड स्मृतिचिन्ह. नारळ माझ्याकडं चटणीला. शाली खिडक्यांना. स्मृतिचिन्हांतलं एक दाराला अटकाव म्हणून, एक लोणच्याच्या बरणीत फोडींवर दाब म्हणून.

"आक्का, सरस्वती हाय वो ह्याच्यावर."

"असू दे. बसून बसून कंटाळली आसंल. कायतर काम करू दे."

हसून बोलायच्या, पण गावाला जाऊन बक्षीस घेऊन आल्या की त्या दिवशी जिन्यात पाय आपटत चढायच्या. मी चहा घेऊन वर गेले की म्हणायच्या, "एक शब्द म्हणत न्हाईत गं. एक. विज्ञानकथा. सगळं म्हणतात, तेवढं न्हाई म्हणत. जिभेला काय फोड येतो काय ह्यांच्या?"

लातूरची तर वेगळीच तऱ्हा. गोलाईच्या बाजारात एक पुस्तकवाले चाचा होते, त्यांचे आजोबापण तिथंच कागद विकायचे म्हणे. आक्कांचं पुस्तक आलं तेव्हा चाचांनी ते फिजिक्सच्या गाइडांमध्ये लावलं. आक्का भांडायला गेल्या, मी सोबत होते.

"मॅडम, कथा में रखूं तो धूल खाती. फिजिक्स में रखूं तो बिकती. बोलो, क्या करूं?"

आक्का माघारी वळल्या. पुस्तक खपत राहिलं. आणि मग एक दिवस एक बाप मेसच्या दारात, हातात पुस्तक घेऊन. "मॅडम, सगळं चाळलं. मागं उत्तरं न्हाईत की वो ह्याला."

आक्कांनी शांतपणे विचारलं, "प्रश्न सापडले का?"

"प्रश्न पण न्हाईत."

"मग परत वाचा."

माणूस खरंच परत वाचायला घेऊन गेला. लातूरच्या माणसाला पुस्तक म्हटलं की परीक्षाच दिसते. त्यात त्या बापाची चूक नव्हती. रान विकून पोरं आणून सोडली होती लोकांनी. चूक कुणाची, ते सांगते.

क्लासचे संचालक. त्यांचंही नाव नको. एका पत्र्याच्या खोलीत शिकवायला सुरुवात केली होती, हे ते प्रत्येक भाषणात सांगायचे, आणि पुढं तीन मजले झाले हे सांगायची गरज नव्हती, आम्ही त्यातच राहत होतो. पोरांना पहाटे उठवायचे, पेपर, लेक्चर, पेपर, अभ्यासिका, पेपर. भिंतीवर गुणांप्रमाणे नावं. ज्याचं नाव वर, तो पुढच्या बाकावर, पंख्याखाली. खालच्यांना मागचा बाक, भिंतीचा उन्हाळा.

आमच्या नांदेडकडच्याच लोहा गावची एक पोरगी होती. बाप एस.टी.त कंडक्टर. तालुक्यात पहिली आलेली, दोन वेण्या, बोलायला लई गोड. सुरुवातीला पंख्याखाली होती. मग नाव एकेक ओळ खाली यायला लागलं. दुपारी जेवायला बसली की घास हातात आणि डोळे मिटलेले. एकदा सरळ वरणाच्या वाटीत कपाळ टेकलं तिनं. बाकीची पोरं हसली पण नाहीत. हसायला पण जाग लागते माणसाला.

मी तिला उठवलं, तोंड पुसलं आणि मागच्या खोलीत नेलं. तिथं गव्हाची आणि कांद्याची पोती होती. म्हटलं, पड जरा. पडली ती अशी झोपली की मला भीती वाटली, मी नाकापुढं हात धरून बघितला. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी दोघी. मग चार-पाच जणी येऊ लागल्या. दुपारची तेवढी वेळ. मी खोलीच्या दारात भाजी निवडत बसायची. आतून घोरण्याचा आवाज यायचा आणि माझं मन असं निवायचं, काय सांगू. मी, जिला पेला ठेवल्याशिवाय झोप यायची नाही.

आक्कांना माहीत होतं. जिना उतरताना चप्पल हातात घेऊन उतरायच्या.

कुणीतरी चुगली केली असणार. एका दुपारी संचालक आले ते सरळ मागच्या खोलीच्या दारात. "उठा!" म्हणून ओरडले. पोरी धडपडून उठल्या, लोह्याचीला तर कळेचना कुठं आहे, ती पोत्यांवर उभी राहून "प्रेझेंट सर" म्हणाली.

"मावशी, ही मेस हाय का धर्मशाळा? मी इथं मराठवाड्याचं भविष्य घडवून राहिलो आणि तुम्ही ते पोत्यावर झोपवून राहिलात?"

मी उठून उभी राहिले. हातात मेथीची जुडी तशीच.

"उद्यापासून दुसरी बाई येईल मेसला. सामान उचला."

कुठं जाणार होते मी? माहेरी नायगावला तोंड दाखवायची सोय नव्हती, सासर हैदराबादला हरवलेलं. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"तिला काय बोलता? मी झोपवलंय त्यांना."

आक्का. हातात चप्पल.

"तुम्ही, मॅडम?"

"हाव. फिजिक्सचा प्रयोग हाय. पोरगं झोपलं तर पेपर कसा जातो, बघत होते. मावशीला मीच सांगितलं खोली उघड म्हणून. ती न्हाई म्हणत होती."

मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मेथी निवडायला लागले. संचालकांना कळलं होतं, मला खात्री आहे. पण फिजिक्सला दुसरी अशी बाई मिळणार नव्हती, म्हणून त्यांनी काढलं नाही, वरची बॅच तेवढी काढून घेतली. नापास होऊन परत बसलेल्या पोरांची बॅच दिली. आक्का त्यांनाही तितक्याच मन लावून शिकवायच्या. मेस माझ्याकडं राहिली. ह्याला मी वाचवलं म्हणते.

लोह्याच्या पोरीला नाही वाचवता आलं. संचालकांनी तिच्या बापाला बोलावून घेतलं, सगळ्यांदेखत सांगितलं, पोरीत दम नाही, घेऊन जा. तो खाकी कपड्यांतच आला होता, ड्यूटीवरून. पोरीची पेटी खांद्यावर घेतली आणि मला म्हणाला, "ताई, खाऊपिऊ घातलं, लई झालं." ती माझ्याकडं न बघता गेली. मी डब्यात पोळ्या बांधून ठेवल्या होत्या. त्या द्यायच्या राहिल्या.

त्यानंतर आक्का बरेच दिवस कागद घेऊन खाली आल्या नाहीत. आल्या तेव्हा "करपली का" पण विचारलं नाही. डब्यावर बसल्या आणि वाचायला लागल्या. एक ग्रह, त्याला दोन सूर्य, एक मावळला की दुसरा उगवतो. तिथं पोरांची झोप काढून घेतात आणि मडक्यांत साठवतात. जे पोरगं पुढं, त्याला त्यातली पळीभर. जे मागं, त्याच्या मडक्याला भोक. आणि त्या गावात एक स्वयंपाकीण असते, ती एका पोरीला धान्यात लपवून झोपवते. ती पोरगी झोपते आणि तिची झोप सांडते, धान्यातून भाकरीत, भाकरीतून सगळ्या गावात. शिपाई झोपतात. मोजणारे मोजता मोजता झोपतात. शेवटी दोन्ही सूर्य एकदम मावळतात, त्या ग्रहावर पहिल्यांदा.

माझं लाटणं कधी थांबलं मला माहीत नाही. तवा लाल झाला होता, पोळीचा कोळसा, स्वयंपाकघरात धूरच धूर, वॉचमन बादली घेऊन पळत आला. आक्कांनी तो कोळसा ताटात घेतला, फुंकर मारली आणि खाल्ला. मला रडताना बघून म्हणाल्या, "अय्यो, आता तूच खारट केलीस की."

ती गोष्ट छापून आली आणि बक्षीस मिळालं. मोठं. खालच्या मेडिकलच्या दुकानात फोन आला होता. आक्का फोन ठेवून आल्या आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या.

"विज्ञानकथेसाठी दिलंय," म्हणाल्या. "वर्षातली चांगली विज्ञानकथा. दुसरं काय न्हाई. बाई न्हाई, गाव न्हाई, भूकंप न्हाई."

मी म्हटलं, "विज्ञानकथा."

"परत म्हण."

"विज्ञानकथा, आक्का."

दोघी तिथं बसून हसलो. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स. संचालकांचा फोटो दाराएवढा, कोपऱ्यात आक्का पेल्याएवढ्या. आमच्या क्लासच्या मॅडमना राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार! कथा हा शब्द कुठं गेला कुणास ठाऊक. शहरभर बातमी, मॅडमनी शोध लावला. आईबापं प्रवेशाला रांग लावून उभी. एक म्हातारे गृहस्थ आक्कांच्या पाया पडायला वाकले आणि विचारलं, "कशाचा शोध हाय, मॅडम?" आक्का म्हणाल्या, "झोपेचा." ते म्हणाले, "वा! म्हणजे पोरांची कमी करता येती?"



क्लासनं सत्कार ठरवला, मोठा हॉल घेतला. आणि आदल्या दिवशी क्लासमधल्याच कुणीतरी संचालकांना ती गोष्ट वाचून दाखवली. ते दुपारी मेसमध्ये आले. मी लाटत होते, आक्का डब्यावर बसून चहा पीत होत्या. ह्या वेळी ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले.

"मॅडम, गोष्ट वाचली. भारी हाय. लोक काय काय बोलतात बघा, म्हणतात आपल्याच क्लासवर हाय. उद्या भाषणात तुम्ही एवढंच सांगा, ही गोष्ट परग्रहावरची हाय, लातूरशी काही संबंध न्हाई. खरंच तर हाय ते. दोन सूर्य कुठं हायत लातूरला?" मग थोडं थांबून, "वरची बॅच तुमचीच हाय. जूनपासून घ्या. आणि मावशींची मेस पण, काय मावशी, चालू राहीलच की."

माझ्याकडं बघून हसले आणि गेले.

आता तुम्ही ह्यातली गंमत बघा. ज्या बाईनं सगळं आयुष्य ओरडून सांगितलं, माझी गोष्ट परग्रहावरची आहे, आणि एकानंही ऐकलं नाही, तिला आज पहिल्यांदा एक माणूस म्हणत होता, सांगा, परग्रहावरची आहे. हात जोडून म्हणत होता.

आक्का कपाकडं बघत होत्या. विचारलं, "नांदेडकर, काय करू? तुझी मेस जाईल."

परत सामान, परत कुणाच्या दारात. आणि डोळ्यांपुढं ती पोत्यांवर उभी राहून "प्रेझेंट सर" म्हणणारी. पोळपाटावर पोळी अर्धीच राहिली.

"बोलू नको," आक्का म्हणाल्या. "लाटणं थांबलंय. ऐकलं मी."

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. पुढं आईबापं, मागं पोरं, गणवेशात आणून बसवलेली. शाल, नारळ, हार. संचालकांनी भाषणात सांगून टाकलं की मॅडमची प्रतिभा परग्रहावर जाते. टाळ्या. मग आक्का उठल्या. शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"मी आजवर ज्या गोष्टी लिहिल्या त्या परग्रहावरच्या होत्या," त्या म्हणाल्या. "लोक म्हणाले, भूकंपाच्या हायत, गावाच्या हायत, पोरासोरांच्या हायत. मी भांडले. आज सर म्हणतात, परग्रहावरची हाय म्हणून सांगा. ऐका मग. ही एकच गोष्ट परग्रहावरची न्हाई. ही लातूरची हाय. आमच्या बिल्डिंगची हाय. खाली मेसच्या मागं पोती हायत, तिथली हाय. जिची हाय ती पोरगी लोह्याला परत गेली."

मग पुढून एक बाप उठला. मला वाटलं, आता हा तरी काही बोलेल. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या पोरांचं नुकसान करू नका. आम्ही लई लांबून आणून सोडलेत." आणि त्याच्या मागं पाच-सहा जण, हो ना, बरोबर आहे, काय लावलंय हे. आवाज वाढला. संचालक माइककडं निघाले.

आक्कांनी बोट ओठांवर ठेवलं. मागच्या रांगांकडं बघत माइकमध्ये हळूच म्हणाल्या,

"हळू बोला. पोरं झोपलीत."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी दारात होते, मला ते आधीच दिसलं होतं. मागच्या दोन्ही रांगा. एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टाकून, तोंडं उघडी, हातात हलवायला दिलेली झेंडी तशीच. सत्कार आहे म्हणून बिचाऱ्यांना दोन तास मोकळे मिळाले होते.

कुणी टाळी वाजवली नाही. एकही आईबाप उठून मागं गेलं नाही. तेवढं मी कुणालाच माफ करणार नाही.

नोकरी गेली, मेसही गेली. पण जायच्या आधी आक्कांनी चाचांच्या ओळखीनं मला औसा रोडला दुसरं स्वयंपाकघर मिळवून दिलं. भांडी उचलायला स्वतः आल्या. माझं बस्तान बसलं हे बघितल्यावर पुण्याला जाऊन बक्षीस घेतलं. तिथं एका मोठ्या माणसानं भाषणात काय म्हणावं? भूकंपानं ह्या भगिनीच्या हाती लेखणी दिली. झालं. परत तेच. आक्का परत आल्या, बरणीतल्या लोणच्यावर नवीन स्मृतिचिन्ह ठेवलं आणि म्हणाल्या, "कच्ची राहिली गं ही." मग उदगीरची बस धरली. तिथून पुढं सीमेपलीकडं भावाचं गाव. निघताना विचारलं, "नव्या खोलीवर पेला नेलास का?" म्हटलं, नेला. म्हणाल्या, "आता ठेवत जाऊ नको." खिडकीतून हात हलवला नाही. वास घेतल्यासारखं नाक वर केलं आणि हसल्या.

त्यानंतर त्यांची नवी गोष्ट कुठं छापून आलेली मला दिसली नाही.

मी आता राजस्थानात आहे, कोट्याला. लातूरचीच एक आई पोरीला घेऊन इकडं आली, म्हणाली, मावशी, पोरांना आपल्याकडचं खायला मिळत नाही, चला. आले. इथं नांदेडची, लातूरची लई पोरं आहेत. परवा एका पोरीच्या बापानं एक जाड पुस्तक आणलं, मराठवाड्याच्या कथांचं. त्यात आक्कांची पेल्याची गोष्ट. वर छापलंय, भूकंपात बहीण गमावलेल्या लेखिकेचा आक्रोश. आक्रोश? त्या गोष्टीत गाव हसून लोळतं, हो! वाचली तरी आहे का छापणाऱ्यानं? त्या रागात हे लिहायला बसले. सातवी शिकलेली बाई आहे, चुकलंमाकलं असेल. पण एवढं तरी कुणीतरी सरळ लिहावं, की त्या विज्ञानकथा लिहायच्या. विज्ञानकथा. तिसऱ्यांदा पण लिहिते, विज्ञानकथा.

इथं पण माझ्याकडं मागं एक खोली आहे आणि गव्हाची पोती आहेत. दुपारी दार लोटलेलं असतं. पेला मी ठेवत नाही आता. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मला माहीत आहे, पण इथं मला वाचवायला जिन्यावर कुणी नाही, म्हणून भीती वाटते. तरी दार लोटते.

आक्का, कुठं असाल तिथं ऐका. मी एक गोष्ट लिहायला घेतलीय. एका ग्रहाची, जिथं कुणी बक्षीस दिलं की ते आधी खाऊन बघावं लागतं. जमत नाही अजून, फाडते आणि परत लिहिते. पुरी झाली की तुमच्या भावाचं गाव शोधत येईन. तुम्हाला लाटायला बसवीन, तुमच्या पोळ्या नकाशासारख्या होतात तरी चालेल. मी डब्यावर बसून वाचीन, तुमच्या तोंडाकडं बघणार नाही. तुमचं लाटणं थांबेपर्यंत वाचत राहीन. आणि जी करपेल ती मी खाईन, काळी, कडू, कोरडी. तुमचं फेडायचं ते तेव्हा फिटेल, त्याच्या आधी नाही.